आमचा टीव्ही डोळे मिटतो

आमच्या घरातला टीव्ही फक्त मी बघायला बसलो की अंधारतो. ही, म्हणजे बायको, मालिका बघते तेव्हा तो लख्ख असतो, इतका की पडद्यावरच्या सासूबाईंच्या दागिन्यांचा उजेड समोरच्या कॅलेंडरवर पडून बसल्या जागेवरून संकष्टी कधी आहे ते वाचता येतं. लेक बंगळूरहून सुट्टीला आली की काहीतरी कोरियन लावून रडत बसते, तेव्हाही तो नीट असतो. नातवाच्या कार्टूनला तर तो आपणहून जरा जास्तच उजळतो असा माझा संशय आहे. मी मात्र रात्रीची जेवणं उरकली, ओटा आवरून झाला (ओटा मी आवरतो; हे घरात बोलून दाखवायची सोय नाही म्हणून इथे लिहून ठेवतो), बडीशेप तळहातावर घेतली आणि एखादा बरा सिनेमा लावला की थोड्याच वेळात त्याची तब्येत बिघडते. उजेड जातो, येतो, पुन्हा जातो. नायक तोच, खोली तीच, प्रसंग तोच, आणि कुणी काही न करता सगळं मावळत चाललेलं.

"तुम्हाला झोप येत असेल," ही म्हणाली.

माझ्या कुठल्याही तक्रारीवर हिची निदानं ठरलेली आहेत: झोप, पित्त आणि चष्मा. त्यातलं एक लागू पडतंच.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते 'तुंबाड'च्या रात्री. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा सिनेमा थिएटरात बघायचा राहून गेला होता. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा गुडघ्याने दगा दिला, आणि शेवटी घरीच बघू म्हणून मी रीतसर तयारी केली. नेमकी तेव्हाच हिची दापोलीची मावशी आलेली. 'तुंबाड' हे नाव कानावर पडताच मावशींनी शाल गुंडाळली, पाय वर घेतले आणि सोफ्यावरची मोक्याची जागा धरली, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत' होते. दोन्ही खंड. मी काही खुलासा करेपर्यंत पडद्यावर पाऊस सुरू झाला. या तुंबाडात पाऊस थांबतच नाही, त्यामुळे कोकणची ओळख पटून मावशी आणखी सैलावल्या.

"खोत कधी येतात?"

"यात खोत नाहीत, मावशी. हस्तर आहे."

"तो कुठल्या घराण्यातला?"

हा सिनेमा मुळातच अंधाराचा. १९१८ चा काळ, वीज नाही, बाहेर ढग, आत जुनाट वाडा, आणि पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने उजेड अगदी मोजूनमापून वापरलेला. पडद्यावर एक ज्योत तेवढी दिसत होती आणि तिच्याभोवती कुणीतरी काहीतरी अत्यंत महत्त्वाचं करत होतं. ते काय, हे कळावं म्हणून मी खुर्चीत पुढे वाकलो. पडदा आणखी काळवंडला. मी आणखी वाकलो, हनुवटी टीपॉयवरच्या शेंगदाण्यांच्या वाटीला टेकायची बाकी, तर ज्योतही विझायच्या बेतात. वैतागून "रामा रे" म्हणत मागे रेललो, आणि हळूहळू वाडा दिसू लागला, भिंती दिसू लागल्या, माणसाचं नाकसुद्धा दिसू लागलं. ते नाक नीट बघावं म्हणून पुन्हा पुढे झालो. पुन्हा ग्रहण. सिनेमा संपेपर्यंत हेच: पुढे होऊन बघायला जावं तर अंधार, मागे टेकून देवाचं नाव घ्यावं तर उजेड.

माझी श्रद्धा त्या रात्री फार वाढली.

शेवटपर्यंत खोत आले नाहीत हे मावशींना रुचलं नाही. हस्तर मात्र त्यांना पसंत पडला. "उपाशी आहे हो बिचारा," म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. त्यांना सगळं स्वच्छ दिसलं होतं की काय, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बुबुळं मोठी करणारे थेंब घातले, बाकावर बसवून ठेवलं, मग हनुवटी यंत्रावर ठेवायला लावून बराच वेळ आत डोकावले आणि मोतीबिंदूला अजून अवकाश आहे असं जरा हिरमुसून सांगितलं. थेंबांचा अंमल उतरेपर्यंत मला सगळं जग भगभगीत दिसत होतं. त्या अवस्थेत मी रिक्षावाल्याला पन्नासऐवजी पाचशेची नोट दिली, आणि पुण्यातला रिक्षावाला असूनही त्याने ती परत केली. हे मी पुण्यात कुणालाही सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

डोळे शाबूत म्हटल्यावर संशय विजेवर गेला. आमच्या पिढीच्या माणसाला विजेचा दाब कमी-जास्त होतो यावर वेदवाक्याइतका विश्वास असतो. मी माळ्यावर चढलो आणि जुन्या फ्रीजचा स्टॅबिलायझर खाली काढला. पुढे काट्याची तबकडी, मागे जाड वायर, वजन एका मध्यम आकाराच्या पुतण्याइतकं. तो टीव्हीला जोडल्यावर टीव्हीच्या उजेडात काडीचाही फरक पडला नाही, पण स्टॅबिलायझर मात्र इमानाने गुरगुरू लागला. रहस्यपटांना ती गुरगुर शोभून दिसे. विनोदी सिनेमाला शोभेना. आत्ताचे टीव्ही शंभरापासून दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत काहीही पचवतात आणि आतल्या आत आपल्याला हवा तो दाब करून घेतात, हे मला नंतर एका पोराने सांगितलं. तोपर्यंत तबकडीचा काटा थरथरला की मी हिला बोलावून दाखवत असे.

"दिसतंय," ही म्हणे. "काटा हलतोय. टीव्ही नाही हलत."

पूर्वीच्या टीव्हीचं असं नव्हतं, हे म्हणायचा मोह मला आवरत नाही. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घेतलेला पहिला टीव्ही कृष्णधवल होता. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली नानांच्या जानव्याला. पडद्यावर निळ्या प्लास्टिकचा कागद अडकवला की डोळ्यांना त्रास होत नाही असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून बातम्या देणाऱ्या बाई आमच्याकडे कायम निळ्या. बिघाड झाला तर त्याची रीत ठरलेली होती: एक जण गच्चीवर अँटेना धरून सिंहगडावरच्या टॉवरकडे तोंड करून उभा, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीपुढे, आणि "आलं का?", "नाही!", "आता?", "गेलं!" अशी आरोळ्यांची साखळी. गच्चीवरचा मी. त्यामुळे दूरदर्शनच्या सुवर्णकाळाच्या माझ्या आठवणी प्रामुख्याने कबुतरांच्या आहेत. पण पेटीला बटणं होती. उजेडाचं एक, कॉन्ट्रास्टचं एक, आणि चित्र वरखाली पळू लागलं तर ते धरून ठेवायचं एक. फिरवलं की फिरत, सोडलं की तिथेच राहत. रात्री उठून आपणहून फिरत नसत.

अखेर कंपनीच्या माणसाला बोलावलं. माणूस कसला, पोरगाच तो. पाठीला सॅक, हातात मोबाइल, कानात काहीतरी. त्याने टीव्ही लावला आणि उभ्या उभ्या बघितला. टीव्ही आदर्श. सिनेमा लावला. आदर्श. सगळ्यात काळोखा सिनेमा म्हणून मी 'तुंबाड' लावायला सांगितला. वाडा, भिंती, नाकं, सगळं जागच्या जागी.

"काका, सेट ओके आहे."

"मी बसल्यावर बघा."

"तुम्ही बसल्यावर काय होतं?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?"

हिने चहा आणला म्हणून तो थांबला, नाहीतर हा लेख इथेच संपला असता. मी माझ्या खुर्चीत बसलो. खुर्चीमागे एक उंच दिवा आहे, बांबूचा, खादीच्या शेडचा. हिने तो एका प्रदर्शनातून घेतला, कारण अंधारात टीव्ही बघणं डोळ्यांना वाईट. मी नेहमीप्रमाणे पुढे वाकलो. पोरगा बशीत चहा ओतून पीत होता आणि टीव्हीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता.

"काका, मागे व्हा."

झालो.

"आता पुढे."

झालो.

"परत मागे. हळू. काकू, तुम्ही पण बघा ना."

ही पदर सावरून आली. मग पुढे-मागे, पुढे-मागे, असा मी त्या दोघांसमोर बराच वेळ डोलत राहिलो, पडदाही माझ्या तालावर थोड्या उशिराने उजळत-काळवंडत राहिला, आणि दोघं कपबशा हातात धरून शांतपणे ते बघत राहिले. शेवटी पोराने उठून टीव्हीच्या खालच्या पट्टीवर, कंपनीच्या नावाखाली, एका गुळगुळीत काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मी तो ठिपका आजवर डाग समजून ओल्या फडक्याने पुसत आलो होतो.

"हा सेन्सर. खोलीत उजेड किती हे बघतो. उजेड कमी झाला की टीव्हीला वाटतं रात्र झाली. तुमच्या मागे लॅम्प, तुम्ही मध्ये. तुम्ही वाकलात की तुमची सावली ह्याच्यावर."

"म्हणजे टीव्ही ओकेच आहे," ही म्हणाली.

"टीव्ही एकदम ओके, काकू."

बाकी काय ओके नाही हे कुणी बोललं नाही. पण स्टॅबिलायझर त्याच क्षणी गुरगुरला.

तर युक्ती अशी होती की दिसेना म्हणून मी वाकत होतो, वाकलो म्हणून दिसत नव्हतं, आणि जितकं कमी दिसे तितका मी जास्त वाकत असे. टीव्ही बिचारा प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांची काळजी घेत होता. अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा डोळ्यांत खुपतो, म्हणून पडद्यामागचा उजेड उतरवायचा, वर वीजही वाचते, असा त्यामागचा सद्हेतू. डब्यावर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं ताऱ्यांचं लेबल असतं ना, ते तारे मोजूनच तर मी हा टीव्ही घेतला होता. आता तो वीज वाचवू लागला तर मीच बोंब मारत होतो. आमचे नाना असेच घरभर दिवे मालवत फिरायचे. तुम्ही न्हाणीघरात असलात, दाराला आतून कडी असली, तरी बाहेरून बटण टचकन बंद. "आत काय वाचन चाललंय?" म्हणून वर प्रश्न. त्या काळ्या ठिपक्यात नाना बसले आहेत हे कळल्यावर मला त्यांच्याशी भांडायचं जुनंच बळ आलं.

"बंद कसा करायचा?" मी पोराला विचारलं.

"मेन्यूत आहे काका. सोपं आहे," म्हणून तो गेला.

सोपं आहे असं ज्याला म्हणतात ते करायची मला भीती वाटते. अवघड गोष्ट जमली नाही तर निदान सहानुभूती मिळते. म्हणून मेन्यूच्या वाटेला न जाता मी सरळ जखमेवर लावायची पट्टी घेतली आणि नानांच्या डोळ्यावर चिकटवली. वाटलं, दिसलंच नाही तर मालवणार काय? व्हायचं ते उलटंच झालं. डोळा झाकल्याबरोबर टीव्हीला अमावस्येची खात्री पटली आणि उजेड थेट तळाला गेला. घाईघाईने रिमोट उचलला तर रिमोट चालेना. रिमोटचे किरण झेलणारं यंत्रही त्याच काळ्या काचेआड शेजारी बसलेलं असतं, हे पट्टीच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यात पडद्यावर युद्ध चाललेलं आणि आवाज मघाशीच मोठा केलेला. काहीही दिसत नसलेल्या टीव्हीतून तोफा उडत होत्या, मी वाकून नखाने पट्टी खरवडत होतो, पट्टी नवीन असल्याने सुटत नव्हती, आणि समोरच्या फ्लॅटमधले बँकवाले दारात येऊन "सगळं ठीक ना?" विचारत होते.

हिने भिंतीवरचं बटण बंद केलं. नाना असते तर खूश झाले असते.

मग उलटा प्रयोग. झाकून अंधार होतो, तर उजेड दाखवला की उजाडेल. मोबाइलची बॅटरी लावून तो फोन वाटीला टेकवून सेन्सरसमोर उभा केला. खरोखर उजाडलं! काय सुरेख दिसत होतं! फक्त कुणाचाही फोन आला की फोन थरथरत सरकायचा, वाटीवरून घरंगळायचा आणि ऐन प्रसंगात सूर्यास्त व्हायचा. शिवाय ज्याच्यावर लेकीला व्हिडिओ कॉल लावून विचारता आलं असतं, तो फोन टीव्हीच्या सेवेत अडकलेला. ही म्हणाली, "माझ्या फोनवरून लावा." हे मला सुचलं नव्हतं.

लेक या कामांत हुशार आहे, फक्त तिच्या आवाजात एक संयम असतो, तो मला सहन होत नाही. लहानपणी तिला पाढे शिकवताना माझ्या आवाजात तो नव्हता, हे तीही विसरलेली नाही.

"बाबा, आधी काय बदललंत ते सांगा."

"काही नाही. फक्त ब्राइटनेस वाढवला."

"किती?"

"होता तेवढा सगळा."

तेव्हा मला कळलं की बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस नावाचं कलम उजेडाचं नसतंच. ते काळा रंग किती काळा असावा हे ठरवतं. ते वाढवलं की काळं राखाडी होतं, सगळ्या चित्रावर धुक्याची साय येते, आणि खरा उजेड जिथल्या तिथे. उजेडाच्या कलमाचं नाव बॅकलाइट. नानांच्या पेटीवरचं बटणही, लेक म्हणते, असंच काळ्याचं होतं; म्हणजे आमचं घर दोन पिढ्या चुकीचं बटण पिळत आलं. मी वाढवलेला ब्राइटनेस तिने उतरवायला लावला आणि हस्तर पुन्हा काळा झाला.

सेन्सरचं कलम सापडेना. चित्राची तक्रार म्हणून आम्ही 'पिक्चर'मध्ये शोधत होतो. ते निघालं 'जनरल'मध्ये, 'पॉवर सेव्हिंग'च्या पोटात, भाषा आणि घड्याळ यांच्या शेजारी. तिथे एक नव्हे, बरेच हितचिंतक दाटीवाटीने बसलेले होते. एक खोलीतला उजेड बघणारा. एक खोलीत काहीही असो, वीज वाचवणारा. एक प्रत्येक दृश्य पाहून स्वतःच्या मताने उजेड ठरवणारा. मी सगळे बंद केले. इतक्या जणांना एका दमात घराबाहेर काढायचा प्रसंग माझ्यावर हिच्या भावाच्या लग्नानंतरच आला होता.

आणि तरीही उजेड हलत होता. आता मी वाकत नव्हतो, दिवा बंद होता, श्वासही बेताने घेत होतो. एक परदेशी सिनेमा होता, खाली अक्षरं येणारा. पात्रं अंधारात गप्प बसली की काळोख, कुणी बोललं की खालची पट्टी उजळायची, आणि पांढऱ्या अक्षरांभोवती फिकट ढग दिसायचा. लेकीने सांगितलं की आमच्या पडद्यामागचे दिवे कप्प्याकप्प्यांनी लावलेले असतात, जिथे काळं असेल तिथला कप्पा टीव्ही मंद करतो, जिथे पांढरं आलं तिथला वाढवतो. महागड्या टीव्हीत असे शेकडो, हल्ली हजारो कप्पे. आमचा मध्यमवर्गीय, थोडक्या कप्प्यांत संसार. म्हणून एक वाक्य उजळायला अर्धं तळघर उजळतं. याला लोकल डिमिंग म्हणतात. ते 'लो'वर आणल्यावर ढग विरला. पूर्ण बंद करू नका, म्हणाली, नाहीतर काळं सगळं फिकट दिसेल. मी आज्ञाधारकपणे मान डोलवली. मान डोलवताना पडदा हलतो का तेही बघून घेतलं.

"पण हे सिनेमे मुळात इतके काळे करतात कशाला?" मी विचारलं. यावर तिने मला 'गेम ऑफ थ्रोन्स'ची गोष्ट सांगितली. एप्रिल २०१९ मध्ये त्या मालिकेतल्या मोठ्या लढाईचा भाग आला, 'द लाँग नाइट', आणि कोण कुणाला मारतंय हेच दिसेना म्हणून जगभरच्या लोकांनी ओरड केली. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी सांगितलं, चित्रीकरणात खोट नाही. लोकांना आपला टीव्ही नीट लावता येत नाही, हा मोठा प्रश्न आहे. म्हणजे निवाडा तोच, आमच्या घरचा, फक्त परदेशी माणसाच्या तोंडून. हल्ली एचडीआर म्हणून जो प्रकार आहे त्यात आणखी गंमत. २०१४ मध्ये मानक ठरलेल्या त्याच्या एका मुख्य पद्धतीत कुठल्या ठिपक्याने किती उजेड द्यायचा हे निट्स या मापात आकड्यांनी लिहिलेलं असतं, शून्यापासून दहा हजारांपर्यंत. जुन्या पद्धतीचं चित्र साधारण शंभर निट्स धरून बेतलेलं असे आणि टीव्ही ते हवं तसं ताणून घेई. नव्या पद्धतीत अंधार म्हणजे लिहून दिलेला अंधार. तुम्ही खोलीत खादीच्या शेडचा दिवा लावून बसला असाल तर तो तुमचा आणि प्रदर्शनवाल्यांचा प्रश्न.

शेवटी तिने 'फिल्ममेकर मोड' लावायला लावला. नोलन, स्कॉर्सेसी अशा दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने हा २०१९ मध्ये जाहीर झाला. टीव्हीने आपली अक्कल न चालवता दिग्दर्शकाने केलं तसंच चित्र दाखवायचं, ही त्यातली कल्पना. एकदा लावल्यावर खरंच सगळं थांबलं. उजेड जागचा हलेना. मी पुढे वाकलो, मागे झालो, उभा राहिलो, टीव्हीपुढून विनाकारण दोनदा चालत गेलो. काही नाही! आनंदाने मी हिला हाक मारली. ही आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"ह्याला कावीळ झालीय."

ते खरं होतं. दुकानात टीव्ही ज्या निळसर पांढऱ्या झगमगाटात मांडलेले असतात त्याची सवय झालेल्या डोळ्यांना दिग्दर्शकाचं पांढरं पिवळट दिसतं. थोडे दिवस बघा, डोळे सरावतात, असं लेकीने समजावलं. पण संध्याकाळी सातला मालिका असते आणि सासूबाईंचं सोनं पिवळं असावं, चेहरा नाही, यावर ही ठाम होती. मी वादाची तयारी केली, जानव्याला किल्ली असावी असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं, आणि मग टीव्ही लावला तर मालिका पूर्वीइतकीच लख्ख, झळाळती, पांढरीफेक! चित्राची व्यवस्था प्रत्येक वाटेला वेगळी असते हा शोध असा लागला. हिची मालिका सेट-टॉप बॉक्सच्या वाटेने येते, तिथे अजून 'विविड'च होतं. माझे सिनेमे टीव्हीतल्या ॲपमधून येतात, तिथे स्कॉर्सेसी. त्यातही साध्या चित्राची वही वेगळी, एचडीआरची वेगळी. ज्या गोष्टीने माझा अख्खा रविवार खाल्ला असता (एकीकडे बदललेलं दुसरीकडे का दिसत नाही म्हणून), तिच्यामुळेच आमच्या घरात शांतता आहे. ही तिच्या वाटेने, मी माझ्या.

या विजयाची बातमी जिन्यातून समोरच्या फ्लॅटमध्ये गेली, ती मीच पोचवली. बँकवाल्यांनी निवृत्तीच्या पैशांतून भलामोठा ओलेड घेतलेला आहे आणि त्यातलं काळं कसं गच्च काळं दिसतं हे ते लिफ्टमध्ये सांगतात. पण बर्फाच्या डोंगरावरचा सिनेमा लावला की त्यांचाही पडदा मलूल होतो, आणि बराच वेळ एकच स्थिर चित्र राहिलं की हळूहळू काळवंडत जातो, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ओलेडमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. सगळा पडदा पांढरा झाला की सगळे एकदम पेटणार, वीज फार, उष्णता फार. म्हणून टीव्ही आपणहून सगळ्यांनाच थोडं खाली आणतो. स्थिर चित्राचं मंदावणं हे ठिपक्यांवर कायमचा डाग पडू नये म्हणून. नेहमीच्या मेन्यूतून हे बंद करायची सोय सहसा नसते. हे सगळं लेकीने मला सांगितलेलं होतं आणि मी ते त्यांना जसंच्या तसं सांगून, दोन पोहे खाऊन घरी यायला हवं होतं.

पण त्यांच्या हातात रिमोट होता आणि माझ्या अंगात वारं. "सेन्सर तरी बंद करून देतो," म्हटलं आणि तडक 'जनरल'मध्ये शिरलो. त्यांच्या टीव्हीची रचना आमच्यापेक्षा जराशी वेगळी. 'पॉवर सेव्हिंग' जिथे हवं तिथे नव्हतं, तिथे दुसरंच काहीतरी होतं, त्यावर मी ठामपणे 'ओके' दाबलं. क्षणात सगळी अक्षरं बदलली. लॅटिन लिपी, डोक्यावर ठिपके, पोटात शेपट्या, प्रत्येक शब्द हातभर लांब. बँकवाले चष्मा वर करून वाचायला लागले. मी परत जायला जे दाबलं त्याने टीव्हीने एक प्रश्न विचारला. प्रश्न गंभीर दिसत होता. दोन उत्तरांचे चौकोन होते, दोन्ही एकाच लांबीचे.

"यातलं 'नाही' कुठलं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडचं," मी म्हणालो, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

टीव्ही बंद झाला. पुन्हा सुरू झाला तेव्हा अगदी नवा, डब्यातून आत्ताच काढलेला होता, आणि त्या शेपटीवाल्या भाषेत आमचं मनापासून स्वागत करत होता. आतून त्यांच्या मिसेस विचारत होत्या, सातची मालिका लागली का. मी घड्याळात बघितलं, औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं आणि चपला हातातच घेऊन आमच्या दारात आलो.

हिने माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, समोरच्या बंद होणाऱ्या दाराकडे बघितलं.

"चहा झाला का त्यांच्याकडे, की त्याच्या आधीच?"

"आधीच," मी म्हणालो.

तिने गॅसवर दोन कपांचं आधण ठेवलं, आणि बेल वाजली तेव्हा तिसरा कप पाणी त्यात ओतलं.